बुंदीसाठी वीस नंबरची सुई

पिंपळवंडी,
१२ जुलै १९९८

श्रीमती लंकाबाई विहीणबाई यांस,
गेणभाऊ वाघाचा रामराम. पत्राला काहीतरी कारण लागतं. माझं कारण चार पायांचं हाय आन् आत्ता चुलीम्होरं पडलंय.

आपलं बोलणं बंद हाय हे मला ठावं हाय. पोरांच्या लग्नाच्या पंगतीत तुमी सगळ्यांम्होरं म्हणल्या, "वरणाला हात धुतलेल्या पाण्याची चव हाय." त्यावर मी जे बोललो ते माइक चालू ऱ्हायल्यामुळं आळेफाट्यापोत ऐकू गेलं. मी माफी मागणार न्हाई, तुमी बी मागू नका. काम वायलं हाय.

तुमची सून, म्हंजे माझी प्राची, पोटुशी हाय आन् बीपी वर गेल्यामुळं डॉक्टरनं तिला भोसरीत पलंगावर झोपवून ठिवलंय, हे तुमच्या ऋषीनं तुमाला सांगितलंच असंल. झोपायच्या आधी ती तिची मांजर माझ्याकडं सोडून गेली. बुंदी नाव. पांढऱ्या अंगावर पिवळे ठिपके. मी जल्मात मांजराशी "फूट" यापलीकडं बोललो नव्हतो. आता बोलावं लागतं, घरात दुसरं कोण हाय?

ही बुंदी खाईना झाली. पाणी मात्र म्हशीगत पिती. नारायणगावला जनावरांचा नवा डॉक्टर आलाय, पोरगाच हाय, मिशी बी धड न्हाई. त्यानं रक्त पुण्याला धाडलं आन् म्हणला, "मूत्रपिंडं गेली. बरी नाही होणार, पण रोज कातडीखाली सलाईन दिलं तर काही महिने मजेत राहील. घरीच द्या, सोपं आहे." एकदा करून दाखवलं. त्याला सोपंच हाय. घरी आल्यावर मी बुंदीकडं बघितलं, सुईकडं बघितलं, आन् भाईर जाऊन बसलो.

मेडिकलवाला इचारतो, कितवा नंबर? मी म्हणलो, मांजर ल्हान हाय, ल्हानातला ल्हान नंबर दे. त्यानं सोळा नंबर दिला. तिच्या भोकातनं ठिबकची नळी जाईल, बाई!

तुमी एवढी वर्सं सरकारी दवाखान्यात शिस्टर व्हता. निम्म्या आंबेगाव तालुक्याच्या ढुंगणाला तुमची वळख हाय म्हणत्यात. म्हणून इचारतो. फोन किराणा दुकानात हाय आन् तिथं माणसं साखर घ्यायला कमी आन् ऐकायला जास्त येत्यात, म्हणून पत्र. प्राचीला यातलं काही कळता कामा नये. तिचं बीपी आधीच आभाळाला लागलंय.

गेणभाऊ

*

लोणी,
१७ जुलै १९९८

व्याहीबुवा,
पत्र मिळालं. माइकवर तुम्ही म्हणालात, "या लंकेला एखादा मारुती मिळाला नाही का?" मला पाठ आहे, आठवण करून द्यायची गरज नव्हती.

आता सुईचं. नंबर उलटे असतात. नंबर मोठा तशी सुई बारीक. तुम्ही लहान नंबर मागितला म्हणून जाडी मिळाली, दुकानदाराला शिव्या देऊ नका. सोळा नंबर म्हशीसाठी ठेवा.

मांजराला मी कधी टोचलेलं नाही, हे आधीच सांगते. माणूस कुरकुरत का होईना पालथं पडतं. सलाईन कोणतं, किती, रोज की दिवसाआड, हे त्या बिनमिशीच्या डॉक्टरला विचारा आणि तो सांगेल त्याच्यापुढे थेंबभर जाऊ नका. हाताचं तेवढं मी सांगते.

सुईच्या बुडाचा रंग बघत जा. गुलाबी म्हणजे अठरा नंबर. पाणी भराभर जातं, पण टोचताना चांगलं कळतं. निळी म्हणजे तेवीस. टोचलेलं कळतही नाही, पण पाणी थेंब थेंब जातं आणि तेवढा वेळ मांजर काय तुमचं तोंड बघत बसणार आहे का? मधली पिवळी, वीस नंबर. मी तिथून सुरुवात केली असती. लांबी इंचभर पुरे, लांब सुई पलीकडून बाहेर येते.

बाटली आधी कोमट पाण्यात ठेवा आणि मनगटावर थेंब टाकून बघा. तुमच्या पाठीत कुणी गार पाणी सोडलं तर तुम्ही काय म्हणाल ते माइक नसतानाही ऐकू येईल. नळीतली हवा आधी काढून टाका. दर वेळी नवी सुई. एकदा कातडीतून गेलेली सुई बोथट होते. आपल्याला दिसत नाही, पण ज्याला टोचतात त्याला बरोबर कळतं. वापरलेल्या सुया झाकणाच्या डब्यात टाका, उकिरड्यावर नको.

प्राचीशी मी खोटं बोलणार नाही. तिनं विचारलं नाही तर आपण होऊन सांगणारही नाही.

आडनाव वाघ आणि घाबरता मांजरीला.

लंकाबाई वाळुंज

अक्षर वाकडं आलंय, एसटीत बसून लिहिलं.

*

पिंपळवंडी,
२५ जुलै १९९८

विहीणबाई,
तुमी वीस नंबर सांगितला. मी तेवीस आणली. मला वाटलं जितकी बारीक तितकं पुण्य.

बाटली दाराच्या वरच्या खिळ्याला टांगली. शेजारचा कुशाबा बुंदीला धरायला आला. पैलवानकी केलेला माणूस, म्हणलो मांजर धरंल. मी मानंमागची कातडी वर उचलली, डोळं मिटलं आन् टोचली. सुई हिकडनं घुसली आन् तिकडनं भाईर, सगळं सलाईन माझ्या धोतरात. कुशाबा म्हणतो, "भाऊ, आता तुमची मूत्रपिंडं आधी बरी व्हत्यात."

दुसऱ्या दिशी सुई बरोबर बसली. पण पाणी असं जाई जसं सरकारी नळ. बुंदी कटाळली, कुशाबाच्या दंडावर नांगर धरला आन् नळीसकट माळ्यावर गेली. मग मी इरेला पडून अठरा नंबर आणली. ती टोचल्यावर बुंदी जी वरडली, विहीणबाई, मला आजपोत कुणी असं वरडून बोललं न्हाई. तुमी बी न्हाई. माझ्या हातातनं समदं पडलं. त्यानंतर मी सुईला हात लावला न्हाई. बुंदी चुलीम्होरं पडून ऱ्हाती आन् मी दुसऱ्या खोलीत.

आवंदा आमच्यात टोमॅटो बरा हाय, पाऊस बी ठीक हाय, नुसतं हे मांजर सोडलं तर माझं काही वाईट चाललेलं न्हाई. तुमी एक डाव या. लोणीहून मंचर, मंचरहून नारायणगाव, पुढं मी गाडी घेऊन उभा ऱ्हातो. तुमचा हात बघितला की मला येईल. पंगतीत बोलायला येता येतं मग टोचायला का न्हाई?

आन् एसटीत लिहीत जाऊ नका. तुमचं पत्र वाचायला मला शाळामास्तरकडं जावं लागलं आन् त्याला वाटलं ते मोडीत हाय.

गेणभाऊ

*

लोणी,
२९ जुलै १९९८

व्याहीबुवा,
मी येणार नाही. कारण विचारू नका.

आमच्या शेजारचा चांगदेव टोमॅटोची पिकअप घेऊन नारायणगावच्या बाजारात येतो, त्याच्याबरोबर पिवळ्या सुयांचं खोकं पाठवलंय. आता मी सांगते तसं करा, पुण्यबिण्य बघू नका.

आधी एक मोसंबं घ्या. त्याला टोचा. हसू नका, आम्ही सगळ्याजणी मोसंब्यावरच शिकलो. साल कुठं अडवते आणि कुठं सुटते ते बोटाला कळेपर्यंत टोचत राहा, मग ते मोसंबं फेकून द्या, खाऊ नका.

कुशाबाला घरी पाठवा. धरणारा घाबरला की धरलेलं दुप्पट घाबरतं. टोमॅटोच्या क्रेटमध्ये जुनं लुगडं घाला, त्यात बुंदीला बसवा, तोंड तुमच्याकडे नको, भिंतीकडे. कातडी उचलली की तंबू होतो. सुई तंबूच्या दारातून आत जायची, आडवी, पाठीला समांतर. छपरातून खाली नाही. सुईच्या टोकाला तिरका काप असतो, तो वर. आणि एकदा ठरवलं की एका दमात. तुम्ही हळू टोचता, तुम्हाला वाटतं ती दया. हळू टोचलं की जास्त दुखतं.

टोचताना बोलत राहा, काहीही. मी पेशंटला त्याच्या सासूबद्दल विचारायची. बाया एवढ्या तावातावानं सांगायच्या की इंजेक्शन झालं तरी उठायच्या नाहीत.

लंकाबाई

*

पिंपळवंडी,
९ ऑगस्ट १९९८

विहीणबाई,
जमलं!

मोसंब्याची पार चाळण केली. मग बुंदीला क्रेटात बसवली, तोंड भिंतीकडं, आन् बोलायला लागलो. आधी तिला टोमॅटोचा बाजार सांगितला. मग पाटाचं पाणी कुणी चोरलं ते सांगितलं. मग तुमच्याबद्दल सांगितलं आन् त्या भरात सुई कवा गेली मलाच कळलं न्हाई, तिला बी न्हाई. पाणी कसं झरझर खाली! काढल्यावर भोकावर बोट दाबून धरलं, तेवढ्यात तिनं माझा अंगठा चाटला. आता मला रडू आलं हे तुमी कुणाला सांगू नका.

पण दोन भानगडी हायत. एक, सलाईन दिल्यावर तिच्या पाठीवर दुसरं डोकं येतं. तासाभरानं ते डोकं घसरत पुढच्या पायात उतरतं आन् पाय लाटण्यासारखा व्हतो. पहिल्या दिशी मी चपला न घालता डॉक्टरकडं पळालो. दवाखाना बंद. तवापास्नं जिवात जीव न्हाई.

दुसरी भानगड चांगदेव. तुमचं पत्र देताना म्हणतो, "काका, काप वरच ठिवायचा बरं का." पाकिटाला डिंक लावत जा.

प्राचीचा दर रविवारी दुकानात फोन येतो. इचारती, "आप्पा, बुंदी कशी हाय?" मी म्हणलो, उंदीर मारला. पुढच्या रविवारी म्हणली, "अजून मारते का?" मी म्हणलो, घुस मारली. दुकानात बसलेला कुशाबा म्हणतो, पुढल्या रविवारी बिबट्या मारा.

तुमी आला असता तर मोसंबी वाचली असती. का येत न्हाई ते बी सांगत न्हाई. एवढा काय मान पायजे मी म्हणतो?

गेणभाऊ

*

लोणी, १३ ऑगस्ट

ते डोकं म्हणजे कातडीखालचं पाणी. आपलं आपण जिरतं आणि उताराला लागून पायात येतं. पायातलं पाणी दुसऱ्या दिवशीपर्यंत जिरलं नाही, किंवा ती धापा टाकायला लागली, तरच डॉक्टरकडे पळा. चपला घालून.

डिंक लावला आहे. चांगदेव, वाचत असशील तर पिकअपचा मागचा दिवा बदल.

लं.

*

पिंपळवंडी,
४ सप्टेंबर १९९८

विहीणबाई,
तुमी गेल्यापास्नं तीन कागद फाडले. हा चौथा, कसा बी झाला तरी धाडणार.

गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिशी तुमी न सांगता दारात उभ्या ऱ्हायल्या, हातात पुरणाच्या करंज्यांचा डबा. मला वाटलं भांडायला आल्या. तुमी म्हणल्या, "दाखवा, कसं टोचता." मी येडा, मी म्हणलो, "तुमीच टोचा, मला बघू द्या." किती दिवस तेच तर मागत व्हतो.

तुमी सुई घेतली. टोपण निघंना. मला वाटलं घट्ट हाय. मग तुमचा हात बघितला. तुमी तो दुसऱ्या हातानं धरला तर दोन्ही हलायला लागलं. सुई खाली ठिवून म्हणल्या, "आज नको. चष्मा विसरले."

चष्मा नाकावर व्हता, विहीणबाई.

मी टोचलं, तुमी मागनं नुसतं "काप वर" एवढंच म्हणल्या. पयल्या पत्रात म्हणल्या, एसटीत लिहिलं म्हणून अक्षर वाकडं, पण पुढची पत्रं बी तशीच वाकडी. लोणीची गाडी एवढी येळ चालती का कुठं? मला तवाच कळायला पायजे व्हतं. मी आपला या, या, म्हणून पत्रातनं टोचतच ऱ्हायलो, आन् मान पायजे का म्हणून वर इचारलं.

करंज्या चांगल्या झाल्या व्हत्या. बुंदीनं बी एकीचा वास घेतला. गेल्या आठ दिसात तिनं वास घेतलेली पहिली गोष्ट.

गेणभाऊ

*

लोणी,
१० सप्टेंबर १९९८

व्याहीबुवा,
दया दाखवलीत तर उरलेल्या सुया परत मागवीन.

हाताचा कंप आहे. डॉक्टर म्हणतात हा आजार मारत नाही. नुसता चहा सांडवतो. मी नोकरी मुदतीआधी सोडली ती त्यामुळे. लोकांना सांगितलं, कंटाळा आला. लोकांनी विश्वास ठेवला, कारण मी सगळ्यांवर ओरडायचे. ऋषीलाही माहीत नाही. त्याला वाटतं आई म्हातारपणी आळशी झाली, चहा सुनेला करायला लावते.

तुमच्याकडे येऊन मला वाटलं, मांजर तर आहे, कोण बघतंय, एकदा जमेल. जमलं नाही.

एक सांगते. तुम्ही टोचत होतात तेव्हा मी बुंदीकडे बघतच नव्हते. तुमचा अंगठा बघत होते. सुईच्या बुडावर तो तुम्ही जसा ठेवता तसा मी ठेवायचे. हे मी तुम्हाला लिहिलंसुद्धा नव्हतं. कुठून आलं कुणास ठाऊक. परत येताना मंचरपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत हसत होते आणि शेजारची बाई सरकून बसली.

आता हा विषय बंद. बुंदी खाते का ते लिहा.

लंकाबाई

*

पिंपळवंडी,
१३ ऑक्टोबर १९९८

विहीणबाई,
खात न्हाई.

गणपतीनंतर बरी व्हती. उन्हात बसायची, माझ्या पाठीमागं मोटरीपोत यायची. आता दसऱ्यापास्नं उतरली. कातडीखाली दिलेलं पाणी जिरतच न्हाई, कालचं डोकं आज तसंच. पाठ टोचून टोचून निबर झालीय. मी आता बगलेकडं टोचतो. डॉक्टर म्हणतो, "काका, मी सांगितलं होतं काही महिने. आता तुम्ही ठरवा." मिशी आलीय त्याला आता, तरी मीच ठरवायचं.

चोवीस नंबरची सुई मिळती का, पुण्याहून मागवता येईल का? आजून बारीक असली तर तिला कळणार न्हाई. दोन येळा थोडं थोडं देऊन बघू का? प्राचीचे दिवस पुढच्या म्हैन्यात भरत्यात. तेवढे काढायचे हायत. तेवढेच.

परवाच्या रविवारी प्राची म्हणली, "आप्पा, फोन तिच्या तोंडाशी धरा, मला तिची घुर्रघुर्र ऐकायचीय." बुंदी घरी, मी दुकानात. मग काय करतो? रिसिव्हर धरला आन् मीच घुर्रघुर्र केलं. दुकानात शेंगदाणे घ्यायला आलेली माणसं जागेवर उभी. चिमाबाई म्हणली, "आरं, गेणभाऊला कायतरी झालं." प्राची म्हणली, "केवढी जाड झालीय हो, आवाजावरनं कळतं."

चोवीस नंबरचं लगेच कळवा.

गेणभाऊ

*

लोणी,
१६ ऑक्टोबर १९९८

व्याहीबुवा,
चोवीस नंबर मिळते. मी पाठवणार नाही.

तुमची सुई बरोबर आहे, हात बरोबर आहे. सलाईनच आता तिला पोचत नाही. दवाखान्यात आम्ही बाटली चालू ठेवायचो, कारण बाहेर नातेवाईक उभे असायचे. बाटली टांगलेली दिसली की त्यांना बरं वाटायचं. आतल्या माणसाला काय वाटतं ते कुणी विचारत नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. तुम्ही विचारा. तुम्हाला तिची भाषा येते, दुकानात सगळ्यांनी ऐकली.

थांबा आता.

आणि प्राचीला सांगा. फोनवर नाही, समोर बसून. मी गेले असते, पण मी सासू आहे. माझ्या तोंडून ऐकलं तर जन्मभर म्हणेल, माझ्या सासूनं माझी मांजर मारली. बापाकडून ऐकू दे. तिचं बीपी वाढेल म्हणून आपण दोघं भितोय, पण तिच्या पाठीमागं आपण मांजर पुरली हे नंतर कळलं तर काय वाढेल त्याला माझ्याकडे मोजायचं यंत्र नाही.

जाताना बुंदीला घेऊन जा.

लंकाबाई

*

भोसरी,
२५ ऑक्टोबर १९९८

विहीणबाई,
हे पत्र तुमच्याच लेकाच्या घरातनं, तुमच्याच सुनंच्या पलंगाशेजारी बसून लिहितोय.

बुंदीला क्रेटात घालून वर लुगडं बांधलं आन् एसटीत बसलो. कंडक्टर म्हणतो, "क्रेटात काय?" म्हणलो, टोमॅटो. तेवढ्यात टोमॅटो वरडला. गाडी हसली. कंडक्टर भला, म्हणला, "नासका दिसतोय, खिडकीशी ठिवा, वारं लागू द्या."

प्राचीच्या दारात उभा ऱ्हायलो. वाटंत पाठ केलेलं सगळं दारातच ऱ्हायलं. नुसता क्रेट पलंगावर ठिवला. प्राचीनं लुगडं बाजूला केलं आन् बघतच बसली. म्हणली, "आप्पा, ही जित्ती हाय?"

मी म्हणलो, म्हंजे?

म्हणली, "मला वाटलं ती कधीच गेली. तुमी उंदीर, घुस सांगायला लागला तवाच मी वळखलं. ही माशीला भिणारी मांजर. म्हणलं, आप्पांना सांगवंना, एकटे हायत, त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी दर रविवारी इचारत व्हते."

"आन् घुर्रघुर्र?"

"घुर्रघुर्र करताना मांजर खोकत न्हाई, आप्पा. बिडी सोडा."

मग तिला सगळं सांगितलं. सुया, मोसंबं, डोकं, तुमी. तुमच्या हाताचं न्हाई सांगितलं, ते तुमचं तुमी सांगा. तिनं बुंदीची पाठ चाचपली, टोचलेल्या जागा बोटानं मोजल्यागत केल्या आन् रडली. मी घाबरून ऋषीला म्हणलो, बीपी बघायला कुणाला तरी बोलाव. खालच्या मजल्यावरची नर्स आली. प्राचीचं नीट निघालं. माझं बघितलं तर ती म्हणली, "काका, तुम्ही आडवे व्हा."

बाटली मी पिशवीत घेऊन गेलो व्हतो. प्राची म्हणली, "नको आप्पा आता." मी म्हणलो बरं. बोलायला सोपं वाटलं, पण पुढल्या दिशी सलाईनच्या येळेला माझे हात आपोआप पाणी कोमट करायला उठले. प्राचीनं मला बसवलं आन् त्या कोमट पाण्यात फडकं भिजवून बुंदीचं तोंड पुसलं. आमी दोघांनी मिळून तिला पुसून काढली. परवा दुपारी ती प्राचीच्या पोटाला टेकून झोपली व्हती. आतनं लेकरानं लाथ मारली, बुंदीचा कान हालला. त्यानंतर थोड्या येळानं गेली. मला वाटलं झोपलीच हाय. प्राचीला आधी कळलं.

ऋषीनं बिल्डिंगच्या मागं शेवग्याखाली खड्डा घेतला. वॉचमन इचारायला आला, काय पुरताय? तुमचा ऋषी, जो लग्नात बी एक शब्द बोलला न्हाई, म्हणला, "आमच्या घरातलं माणूस." वॉचमन घाबरून पोलिसांना बोलवायला निघाला. त्याला आणून दाखवावं लागलं.

प्राची तुमची वाट बघती. मी बाळंतपणापोत हितंच हाय. तुमी कवा येता?

गेणभाऊ

*

पिंपळवंडी,
१७ जानेवारी १९९९

विहीणबाई,
बारशाला भेट झाली ती झाली. एवढ्याशा पोरीला ऋषीनं 'संस्कृती' एवढं जड नाव ठिवलं, मान धरायच्या आधी पोरीला ते पेलायचं. तुमी चहाचा कप घेताना ऋषीनं तुमच्या हाताकडं बघितलं आन् तुमी त्याला आत नेऊन सांगितलं, ते मला भाईर कळलं. बरं केलं. त्यानंतर त्यानं तुमाला पेल्यात निम्माच चहा दिला, ते बी मी बघितलं.

आता कामाचं. माझ्या शेळीची तब्येत बरी न्हाई. पाणी लई पिती, खात न्हाई. मला मूत्रपिंडाचा संशय येतोय. शेळीची कातडी मांजरापेक्षा जाड असणार, म्हंजे वीस नंबर चालंल का अठरा लागंल? लांबी किती घ्यावी? क्रेटात शेळी बसत न्हाई, मग तोंड भिंतीकडं कसं करावं? तपशीलवार कळवावं. घाई न्हाई, पण पत्र मोठं लिहावं, म्हंजे चूक व्हणार न्हाई.

गेणभाऊ

*

लोणी,
२२ जानेवारी १९९९

व्याहीबुवा,
तुमच्याकडे शेळी नाही.

चांगदेव परवाच तुमच्याकडून आला. मी त्याला विचारलं, गोठ्यात काय काय आहे? तो म्हणाला एक म्हैस, तिचं रेडकू आणि बाजेवर बसलेला कुशाबा. तिघांचीही तब्येत उत्तम.

पत्र लिहायचं असेल तर लिहा. त्यासाठी गरीब जनावरांना मूत्रपिंडाचा आजार लावू नका. इथं पोस्टमन पिशवीतून पत्रं काढत यायचा तेव्हा लांबूनच "बाई, पिंपळवंडी!" म्हणून ओरडायचा. दिवाळीपासून ओरडला नव्हता. मी त्याला म्हटलं, घसा बसला का रे? परवा तुमचं पत्र आलं तेव्हा असा ओरडला की शेजारची ठकूबाई घरातून धावत आली, तिला वाटलं आग लागली.

माझ्या पत्राला हल्ली दोन दिवस लागतात. एका दिवशी अर्धं पान लिहून होतं, मग हात पेनचं ऐकत नाही. हे पान दोन दुपारींचं आहे. तेव्हा मोठं पत्र मागितलंत तर थांबायची तयारी ठेवा, मी लिहीन.

उत्तर पाठवा. विषय कुठलाही चालेल, शेळी सोडून.

लंकाबाई